वय, पिढी, हुद्दा: चिनी विद्यार्थ्यासमोरचे इंग्रजीतले मानाचे शब्द

इंग्रजीतला 'सीनियर' हा शब्द दिसायला साधा आहे. पण चिनी विद्यार्थी त्याचा अर्थ शोधायला जातो तेव्हा त्याच्यापुढे एकाऐवजी पाच चिनी शब्द उभे राहतात. अधिकारी 'सीनियर' असेल तर चिनीत तो 'गाओजी', म्हणजे वरच्या श्रेणीचा. पत्रकार 'सीनियर' असेल तर 'त्झशन', म्हणजे अनुभवाने मुरलेला. 'सीनियर सिटिझन' म्हटले की 'लाओन्येनरन', वृद्ध माणूस. एक जण दुसऱ्याहून तीन वर्षांनी 'सीनियर' असेल तर 'न्येनजांग', वयाने मोठा. आणि अमेरिकी महाविद्यालयातला 'सीनियर' म्हणजे 'दास्स', चौथ्या वर्षाचा विद्यार्थी. मराठीतही हा शब्द असाच फुटतो: अधिकारी वरिष्ठ असतो, नागरिक ज्येष्ठ असतो, आणि नोकरीच्या यादीत पाहिली जाते ती सेवाज्येष्ठता.

चीनमध्ये 2001 साली शिक्षण मंत्रालयाने इंग्रजी हा विषय प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून शिकवण्याचे धोरण जाहीर केले. तेव्हापासून कोट्यवधी मुले लहान वयात इंग्रजी शिकू लागली. व्याकरणाचे नियम ती पाठ करतात, शब्दांच्या याद्या घोकतात. तरीही मोठ्या माणसाचा उल्लेख कसा करायचा, त्याला हाक काय मारायची, त्याचे वय विचारायचे की नाही, येथे त्यांची वाक्ये अडखळतात. यातल्या बहुतेक चुका अज्ञानातून होत नाहीत. घरात शिकलेला आदर इंग्रजीत तसाच्या तसा न्यायचा प्रयत्न त्यामागे असतो. म्हणून हे शब्द नीट समजून घ्यायचे तर आधी चिनी भाषा मोठेपणा कसा मोजते ते पाहावे लागते.

मोठेपणाची चार मापे

चिनी भाषेत मोठेपणाची चार मापे आहेत आणि चारही मापांना स्वतंत्र शब्द आहेत. 'न्येनजी' म्हणजे वय. 'बेइफन' म्हणजे घराण्यातली पिढी. 'जीब्ये' म्हणजे हुद्द्याची श्रेणी. 'त्झली' म्हणजे एखाद्या क्षेत्रात घालवलेली वर्षे आणि तिथे केलेले काम.

यातले 'बेइफन' इंग्रजी माणसाला सर्वांत परके. जुन्या चिनी घराण्यांत प्रत्येक पिढीसाठी एक अक्षर आधीच ठरवलेले असते आणि त्या पिढीतल्या मुलांच्या नावात ते घातले जाते. कन्फ्यूशियसच्या वंशजांचे खोंग घराणे याचे प्रसिद्ध उदाहरण. त्यांच्यात 75व्या पिढीचे अक्षर 'श्यांग', 76व्या पिढीचे 'लिंग', 77व्या पिढीचे 'द', 78व्या पिढीचे 'वेइ' आणि 79व्या पिढीचे 'च्वेइ'. विसाव्या शतकातले राजकारणी आणि अर्थमंत्री खोंग श्यांगशी हे 75व्या पिढीतले मानले जात. घराण्याचे प्रमुख खोंग दछंग यांचा जन्म 1920चा. ते 77व्या पिढीतले. दोन खोंग एकमेकांना प्रथमच भेटले तरी नुसत्या नावांवरून थोर कोण हे दोघांनाही कळते. 'श्यांग' पिढीतला तरुण हा 'च्वेइ' पिढीतल्या पांढऱ्या केसांच्या माणसाहून चार पिढ्यांनी वडील ठरतो, वय काहीही असो. मराठी घरांतही भाच्याहून वयाने लहान असलेला मामा सापडतो आणि त्याला मामाच म्हटले जाते, त्यामुळे ही कल्पना येथल्या वाचकाला अवघड वाटू नये. इंग्रजीत मात्र या मापासाठी रोजच्या वापरातला शब्दच नाही. 'जनरेशन' हा शब्द आहे, पण तो समाजाच्या पिढीविषयी बोलतो. दोन नातेवाइकांपैकी मानाने मोठा कोण, हे त्यातून कळत नाही.

उरलेली तीन मापे, म्हणजे वय, हुद्दा आणि अनुभव, इंग्रजी भाषा बहुतेक वेळा एका 'सीनियर'मध्येच भरते आणि अर्थ लावण्याचे काम शेजारच्या शब्दांवर सोडते. 'सीनियर' हा मूळचा लॅटिन शब्द. 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा आणि 'सीनियर' म्हणजे अधिक म्हातारा. रोमची 'सिनेट' याच मुळातून आली. स्पॅनिश 'सेन्योर', इटालियन 'सिन्योर' आणि इंग्रजी 'सर' हेही त्याच शब्दाचे वंशज. वयाचा शब्द पुढे मानाचा आणि मग हुद्द्याचा झाला, हा प्रवास युरोपातही घडला. फक्त तिथे जुने आणि नवे अर्थ एकाच शब्दात राहिले.

भाऊ, बहीण, काका

चिनी माणसाला नुसता 'भाऊ' म्हणता येत नाही. थोरला भाऊ 'गऽगऽ', धाकटा 'दीदी'. थोरली बहीण 'ज्येज्ये', धाकटी 'मेइमेइ'. बोलताना थोरला की धाकटा हे आधी ठरवावेच लागते. इंग्रजी माणूस मात्र 'ब्रदर' म्हणून पुढे जातो आणि भाऊ मोठा की लहान हे ऐकणाऱ्याला वर्षानुवर्षे कळत नाही. इंग्रजी कादंबरीचे चिनी भाषांतर करणाऱ्यापुढे त्यामुळे खरा पेच पडतो: मूळ पुस्तकात भावाचे वय सांगितलेच नसेल, तर त्याला थोरला म्हणायचे की धाकटा?

काकांचेही तेच. वडिलांचा थोरला भाऊ 'बोबो', धाकटा भाऊ 'शूशू', आईचा भाऊ 'ज्योज्यो', आत्याचा नवरा 'गूफू', मावशीचा नवरा 'यीफू'. इंग्रजीत पाचही 'अंकल'. चुलत, मामे, मावस, आते हे सगळे भेद एका 'कझिन'मध्ये विरघळतात; त्या शब्दातून तर भाऊ की बहीण हेही कळत नाही. चिनी भाषेत नात्यांची ही मांडणी फार जुनी आहे. 'अर्या' हा चीनचा सर्वांत जुना उपलब्ध कोशग्रंथ. त्याच्या 19 प्रकरणांपैकी एक संपूर्ण प्रकरण नात्यांच्या शब्दांचे आहे. भावांचा क्रम सांगणारी 'बो, जोंग, शू, जी' ही जुनी मालिका तर माणसांच्या नावांतही येते. कन्फ्यूशियसचे आदराने घ्यायचे नाव 'जोंगनी'. त्यातले 'जोंग' हे तो दुसरा मुलगा असल्याची खूण आहे.

थोरला-धाकटा सांगण्याची गरज पडलीच तर इंग्रजीत 'एल्डर' आणि 'यंगर' हे शब्द आहेत. चिनी विद्यार्थ्याची पहिली ठळक चूक येथे होते. 'एल्डर' हा 'ओल्डर'चा जुना भाऊबंद. जुन्या इंग्रजीत 'ओल्ड' शब्दाचे तुलनेचे रूप करताना स्वर बदलत असे, त्यातून 'एल्डर' आले; पुढे सरधोपट 'ओल्डर' रुळले आणि 'एल्डर'चे क्षेत्र आकसत गेले. आज ते नातेवाइकांपुरते, आणि तेही नामाच्या आधी येते: 'माय एल्डर सिस्टर'. तुलनेच्या वाक्यात 'एल्डर दॅन' चालत नाही, तिथे 'ओल्डर दॅन'च लागते. चिनीत दोन्ही वाक्यांना 'दा' म्हणजे मोठा हा एकच शब्द पुरतो, म्हणून विद्यार्थी 'एल्डर दॅन मी' असे बिनदिक्कत लिहितो. भारतीय इंग्रजीत 'एल्डर टू मी' ऐकू येते. मराठी मुलांच्या निबंधांत शिक्षक त्याखाली लाल रेघ ओढतात, तशीच चीनमध्येही ओढली जाते.

यापेक्षा मोठा फरक हाक मारण्यात आहे. चिनी घरात धाकटी बहीण थोरल्या भावाला नावाने हाक मारत नाही, 'गऽगऽ' म्हणते. इंग्रजी घरात पाच वर्षांची मुलगी वीस वर्षांच्या भावाला सरळ नावाने हाक मारते आणि त्यात कोणालाही उर्मटपणा दिसत नाही. 'एल्डर ब्रदर' हे शब्द इंग्रजीत ओळख करून देताना वापरायचे असतात, हाक मारायला त्यांचा काडीचाही उपयोग नाही.

वय सांगणे आणि वय विचारणे

चीनमध्ये वय विचारण्याचे तीन प्रश्न आहेत. लहान मुलाला 'जी स्वेइ' म्हणजे किती वर्षांचा. बरोबरीच्या माणसाला 'द्वो दा' म्हणजे किती मोठा. आणि वृद्ध माणसाला 'गाओशोउ', म्हणजे आपले दीर्घ आयुष्य किती झाले. थेट विचारणे अवघड वाटले तर आणखी एक हळुवार वाट आहे: तुमचे राशीचक्रातले वर्ष कोणत्या प्राण्याचे? उंदरापासून डुकरापर्यंत बारा प्राणी बारा वर्षांत येतात. उत्तरात 'ससा' आला की समोरच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधून बरोबर वर्ष काढता येते. हे विचारण्यामागे चौकशीची हौस नसते. वय कळल्याशिवाय समोरच्याला योग्य शब्दाने संबोधता येत नाही, म्हणून ते विचारावे लागते. इंग्रजीत संबोधनासाठी वयाची गरज नाही, आणि प्रौढ अनोळखी माणसाला 'हाउ ओल्ड आर यू' विचारणे आगाऊपणाचे समजले जाते. प्रश्नाचे व्याकरण अगदी बिनचूक असले तरी तो प्रश्न चुकीचा ठरतो.

वय मोजण्याच्याही चीनमध्ये दोन रीती आहेत. 'श्यूस्वेइ' या जुन्या रीतीत मूल जन्मतःच एक वर्षाचे धरतात आणि चांद्र नववर्षाला आणखी एक वर्ष वाढवतात. नववर्षाच्या आदल्या दिवशी जन्मलेले बाळ दुसऱ्याच दिवशी दोन वर्षांचे होते. कायद्याच्या कामी मात्र वाढदिवसाला वर्ष पूर्ण धरणारी 'जोउस्वेइ' रीत चालते, आणि इंग्रजीत वय सांगायचे तर तीच घ्यावी लागते. खेड्यातल्या आजीने सांगितलेले वय इंग्रजी अर्जात लिहिताना एक किंवा दोन वर्षे वजा करावी लागतात, हे विद्यार्थ्याला सांगून ठेवलेले बरे.

वयाच्या वाक्यरचनेत तीन जागा ठेच लागण्याच्या आहेत. मुलगा सोळा 'यर्स ओल्ड' असतो, पण त्याचेच विशेषण केले की तो 'सिक्स्टीन-यर-ओल्ड बॉय' होतो आणि 'यर'चा अनेकवचनी 'स' गळतो. चिनी नामांना अनेकवचनाचा प्रत्ययच लागत नसल्याने हा 'स' कुठे घालायचा आणि कुठे काढायचा हे कानाला आपोआप कळत नाही. दुसरी जागा: 'तिशी उलटलेला' यासाठी चिनीत 'सानशी द्वो', म्हणजे तीसहून जास्त, त्याची शब्दशः उलथापालथ न करता इंग्रजीत 'इन हिज थर्टीज' म्हणावे लागते. तिसरी जागा 'टीनेजर'. हा शब्द 13 ते 19 एवढीच वर्षे धरतो, कारण 'टीन' हे शेपूट तेवढ्याच आकड्यांना लागते. चिनीत 11 पासूनच आकडे 'दहा-एक, दहा-दोन' असे चालतात, म्हणून 'शी-जी स्वेइ' म्हणजे दहावर काही वर्षांचे मूल 11 आणि 12 वर्षांचेही असू शकते. इंग्रजीत बारा वर्षांचे मूल 'टीनेजर' नसते.

तारुण्याची हद्दही दोन भाषांत वेगळी पडते. चिनी 'छिंगन्येन' हा शब्द ढोबळपणे तरुण असा आहे. कम्युनिस्ट युवक संघाचे सभासदत्व 14 ते 28 वर्षांसाठी असते, पण विद्यापीठात पस्तिशी ओलांडलेल्या अध्यापकालाही 'छिंगन्येन' म्हणतात. संयुक्त राष्ट्रे आकडेवारीसाठी 'यूथ' म्हणजे 15 ते 24 वर्षे धरतात. त्यामुळे 38 वर्षांच्या प्राध्यापकाला इंग्रजीत 'यूथ' म्हटले तर वाचणारा गोंधळतो. तिथे तो कारकिर्दीच्या सुरुवातीला आहे, असे सांगणेच योग्य.

म्हातारपणाच्या शब्दांत दोन संस्कृतींची तोंडे उलट दिशांना आहेत. चिनीत 'लाओ' म्हणजे वृद्ध, आणि हा शब्द मानाचा आहे. शिक्षक 'लाओशी' असतो, मग तो बावीस वर्षांचा का असेना. ओळखीच्या वडीलधाऱ्या सहकाऱ्याला 'लाओ वांग' म्हणतात आणि धाकट्याला 'श्याओ ली'. आडनाव आधी आणि 'लाओ' नंतर लावून 'वांग लाओ' म्हटले, तर तो फार मोठ्या, पूज्य माणसाचा मान. याचे इंग्रजीत 'ओल्ड वांग' आणि 'लिट्ल ली' केले की मान निघून जातो आणि एकात थकलेपणा, दुसऱ्यात पोरकटपणा दिसू लागतो. चीनच्या 1996च्या ज्येष्ठ नागरिक हक्क संरक्षण कायद्याने 60 वर्षांवरील माणसाला 'लाओन्येनरन' ठरवले. 2012च्या दुरुस्तीने नवव्या चांद्र महिन्याच्या नवमीचा जुना सण ज्येष्ठांचा दिवस म्हणून घोषित केला. इंग्रजीत 'ओल्ड मॅन' तोंडावर म्हणता येत नाही. 'एल्डर्ली' त्याहून सौम्य. 'सीनियर सिटिझन' हा विसाव्या शतकात अमेरिकेत रुळलेला शब्द. आणि अलीकडे अनेक संपादक 'ओल्डर पीपल' किंवा 'ओल्डर अडल्ट्स' पसंत करतात. 'ओल्ड'पेक्षा 'ओल्डर' मऊ लागते, कारण ते कोणाच्या तरी तुलनेत बोलते.

'सीनियर', 'ज्युनियर' आणि त्यांचे व्याकरण

'सीनियर' आणि 'ज्युनियर' ही लॅटिनमधली तुलनेची रूपे आहेत. 'सुपीरियर', 'इन्फीरियर', 'प्रायर' यांचेही तसेच. त्यामुळे त्यांच्यापुढे 'मोर' लागत नाही, आणि तुलना 'दॅन'ने न करता 'टू'ने होते: 'सीनियर टू मी'. चिनीत प्रत्येक तुलनेला 'बी' हा एकच शब्द पुरतो, मराठीत 'पेक्षा' पुरतो. म्हणून दोन्ही भाषांतले विद्यार्थी 'मोर सीनियर दॅन' लिहितात. अनुभव किंवा हुद्द्याच्या अर्थाने 'मोर सीनियर' आज इंग्रजी कार्यालयांतही सर्रास ऐकू येते, पण वयाची तुलना करताना ते खटकते.

शाळा-महाविद्यालयांत गुंता वाढतो. अमेरिकेत चार वर्षांची नावे 'फ्रेशमन', 'सोफोमोर', 'ज्युनियर' आणि 'सीनियर'. म्हणजे 'ज्युनियर' हा तिसऱ्या वर्षाचा, बराच वरचा विद्यार्थी. चीनमध्ये वर्षांना 'दायी, दाअर, दासान, दास्स', म्हणजे विद्यापीठ-एक ते विद्यापीठ-चार, असे सरळ आकडे आहेत. शिवाय चिनी शाळेतल्या 'छूजोंग' आणि 'गाओजोंग' या टप्प्यांची अधिकृत इंग्रजी नावे 'ज्युनियर' आणि 'सीनियर' माध्यमिक शाळा अशी आहेत. 'मी ज्युनियर आहे' हे वाक्य एका कानाला सातवीतला मुलगा सांगते आणि दुसऱ्याला पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा. सुरक्षित उपाय म्हणजे इयत्ता किंवा वर्ष आकड्यात सांगणे.

वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याला चिनीत 'श्वेजांग' किंवा 'श्वेज्ये' म्हणतात. एकाच गुरूच्या हाताखालच्या थोरल्या शिष्याला 'शश्युंग', म्हणजे गुरुबंधू. कुंग-फूच्या आखाड्यातला हा ओळखीचा शब्द आज संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांतही चालतो. इंग्रजीत याला शब्द नाही. चिनी विद्यार्थी 'माय सीनियर' म्हणतो. पुण्या-मुंबईतला विद्यार्थीही तेच म्हणतो, आणि भारतीय इंग्रजीत ते रुळलेले आहे. अमेरिकी कानाला मात्र त्यात चौथ्या वर्षाचा विद्यार्थी ऐकू येतो. तिथे 'माझ्या एक वर्ष पुढे असलेला विद्यार्थी' असे उलगडून सांगावे लागते.

नावापुढच्या 'ज्युनियर'चे मूळही चिनी विद्यार्थ्याला समजावून द्यावे लागते. मार्टिन लूथर किंग ज्युनियर यांचे नाव वडिलांच्याच नावासारखे होते, म्हणून 'ज्युनियर'. चिनी परंपरेत मुलाला बापाचे नाव देणे कल्पनेबाहेरचे, कारण वडिलांच्या नावातले अक्षर उच्चारणेसुद्धा टाळण्याची 'बीहुइ' ही प्रथा होती. म्हणून चिनी वाचकांनी परक्या बाप-लेकांना आपल्या पद्धतीने वेगळे केले: फ्रेंच लेखक ड्यूमा पितापुत्र चिनीत 'दा जोंगमा' आणि 'श्याओ जोंगमा', म्हणजे थोरले आणि धाकटे, अमेरिकेचे दोन बुश अध्यक्ष 'लाओ बूश' आणि 'श्याओ बूश'. इंग्रजीत धाकट्या बुशना 'ज्युनियर' म्हणणे नेमके नाही, कारण पितापुत्रांची पूर्ण नावे सारखी नव्हती. ऐतिहासिक व्यक्तींसाठी इंग्रजीत 'दि एल्डर' आणि 'द यंगर' वापरतात. 1783 साली वयाच्या 24व्या वर्षी ब्रिटनचे पंतप्रधान झालेले विल्यम पिट हे 'द यंगर'. मराठी इतिहासातले थोरले बाजीराव आणि थोरले माधवराव याच चालीचे.

कार्यालयातली उतरंड

चीनच्या नागरी सेवा कायद्यात नेतृत्वपदांच्या दहा श्रेणी आहेत: राष्ट्रीय, प्रांत-मंत्रालय, विभाग, जिल्हा आणि तालुका असे साधारण पाच स्तर, आणि प्रत्येकात 'जंग' म्हणजे मुख्य व 'फू' म्हणजे उप. मांडणी आरशासारखी स्वच्छ आहे. 'फू' हे एक अक्षर लावले की कोणत्याही पदाचा उपप्रमुख तयार होतो. ते पदांपुरते थांबतही नाही: औषधाचा दुष्परिणाम, कारखान्याचे उपउत्पादन, व्याकरणातले क्रियाविशेषण या सगळ्यांत चिनीत 'फू' आहे.

इंग्रजीत या एका 'फू'चे सहा-सात शब्द होतात आणि कुठे कोणता हे पाठच करावे लागते. अध्यक्षाच्या खाली 'व्हाइस प्रेसिडेंट', संचालकाच्या खाली 'डेप्युटी डायरेक्टर', प्राध्यापकाच्या खाली 'असोसिएट प्रोफेसर', व्यवस्थापकाच्या खाली 'असिस्टंट मॅनेजर', मंत्र्याखाली कुठे 'अंडर-सेक्रेटरी', अमेरिकेतल्या राज्यपालाखाली 'लेफ्टनंट गव्हर्नर', वैमानिकाशेजारी 'को-पायलट'. 'व्हाइस' आणि 'डेप्युटी' दोन्ही दुसऱ्याच्या जागी काम पाहणारे. 'असोसिएट' हा दर्जाने एक पायरी खालचा. 'असिस्टंट' त्याहून खालचा. अमेरिकी विद्यापीठात 'असिस्टंट', मग 'असोसिएट', मग पूर्ण 'प्रोफेसर' असा क्रम असतो. 'असिस्टंट मॅनेजर' हे पद आहे, पण 'असिस्टंट टू द मॅनेजर' म्हणजे व्यवस्थापकाचा मदतनीस. मधला छोटासा 'टू' हुद्दा बदलून टाकतो. आणि 'व्हाइस' दिसले की दुय्यम, असेही नाही. ब्रिटनमध्ये आणि भारतात विद्यापीठ प्रत्यक्ष चालवतो तो 'व्हाइस चान्सलर'. महाराष्ट्रात राज्यपाल कुलपती असतात आणि कारभार कुलगुरू पाहतात. चिनीत अशा कुलगुरूंसाठी 'श्याओजांग' हा प्रमुखाचाच शब्द वापरतात, 'फू' लावत नाहीत.

'डायरेक्टर' आणि 'सेक्रेटरी' हे आणखी दोन फसवे शब्द. 'डायरेक्टर' हा कंपनीच्या संचालक मंडळाचा सदस्य असू शकतो, सरकारी खात्याचा प्रमुख असू शकतो, चित्रपटाचा दिग्दर्शकही असू शकतो. चिनीत या तिघांना तीन निराळे शब्द आहेत. 'सेक्रेटरी' हा टंकलेखन करणारा 'मीशू' असू शकतो, पक्षाचा 'शूजी' असू शकतो आणि अमेरिकेचा परराष्ट्रमंत्रीही असू शकतो. चीनमध्ये पक्षाचे सरचिटणीसपद सर्वोच्च आहे. भारतात सचिव म्हणजे मंत्रालयाच्या प्रशासनाचा प्रमुख. एकट्या शब्दावरून माणसाचा हुद्दा ठरत नाही. संस्था कोणती हे आधी पाहावे लागते.

वरच्या आणि खालच्या माणसाविषयी बोलताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. चिनी नोकरदार आपल्या साहेबाला 'लिंगदाओ' म्हणतो आणि शब्दकोश त्यापुढे 'लीडर' लिहितो. इंग्रजीत 'माय लीडर' म्हटले की एखाद्या चळवळीचा नेता डोळ्यांपुढे येतो. तिथे 'बॉस', 'मॅनेजर' किंवा 'सुपरवायझर' हवे. 'सुपीरियर' हुद्द्याने वरच्या माणसासाठी चालते, पण त्याच्या उलट 'इन्फीरियर' माणसासाठी कधीच वापरू नये. त्याचा अर्थ कमी प्रतीचा असा होतो आणि तो थेट अपमान ठरतो. 'सबऑर्डिनेट' बरोबर असले तरी रुक्ष वाटते. इंग्रजी कार्यालयात हे नाते बहुतेक वेळा क्रियापदाने सांगतात: 'आय रिपोर्ट टू हर', म्हणजे मी तिच्या हाताखाली काम करतो.

सैन्यातले हुद्दे

सैन्याच्या शब्दांत दोन भाषांची स्वभाववैशिष्ट्ये एकदम उघडी होतात. चीनच्या मुक्ती सेनेत हुद्दे 1955 साली आले, 1965 साली रद्द झाले आणि 1988 साली पुन्हा सुरू झाले. रचना सुटसुटीत आहे: 'वेइ', 'श्याओ' आणि 'ज्यांग' असे अधिकाऱ्यांचे तीन थर, आणि प्रत्येक थरात 'शाओ' म्हणजे धाकटा, 'जोंग' म्हणजे मधला, 'शांग' म्हणजे वरचा. 'शाओ-ज्यांग' आणि 'जोंग-ज्यांग' ऐकले की न शिकताही वरचढ कोण ते कळते.

इंग्रजीत असा आधार नाही. 'कॅप्टन' म्हणजे मूळचा शिरोभागी असलेला, 'लेफ्टनंट' म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा, 'कर्नल' म्हणजे तुकडीच्या रांगेचा नायक, 'सार्जंट' म्हणजे सेवक. नावांवरून क्रम लावता येत नाही, आणि लावायला गेले तर फसगत होते. 'मेजर' हा 'लेफ्टनंट'हून मोठा, पण 'मेजर जनरल' हा 'लेफ्टनंट जनरल'हून लहान. कारण इतिहासात आहे: या पदाचे जुने नाव 'सार्जंट मेजर जनरल' होते आणि त्यातला 'सार्जंट' पुढे गळून पडला. भूदलाचा 'कॅप्टन' कनिष्ठ अधिकारी, तर नौदलाचा 'कॅप्टन' भूदलाच्या 'कर्नल'च्या बरोबरीचा. चिनी नौदलात भूदलाचीच नावे 'हायज्युन' म्हणजे नौदल हा शब्द पुढे लावून वापरतात, म्हणून हा गोंधळ तिथे होतच नाही. चिनी रचनेत 'श्याओ' थराच्या माथ्यावर 'दाश्याओ' हा चौथा हुद्दा आहे. इंग्रजी रचनेत त्याची जुळती जागा नाही, म्हणून त्याचे भाषांतर 'सीनियर कर्नल' असे करतात. वय आणि अनुभव सांगणारा 'सीनियर' येथे निव्वळ श्रेणी सांगतो.

तोंडावर काय म्हणायचे

भाषाशास्त्रज्ञ चाओ युएनरन यांनी 1956 साली चिनी संबोधनांवर सविस्तर लेख लिहिला. त्यातून दिसते की चिनीत आडनावापुढे पद लावून हाक मारण्याची पद्धत किती दूरवर पसरली आहे. आजही शिक्षक 'वांग लाओशी', व्यवस्थापक 'ली जिंगली', खातेप्रमुख 'जांग ज्यूजांग'. उपप्रमुखाला तोंडावर हाक मारताना 'फू' गाळतात, म्हणजे मान एक पायरी वर जातो. 'फू' हेच आडनाव असलेल्या खऱ्याखुऱ्या प्रमुखाची मात्र अडचण होते, कारण त्याचे 'फू ज्यूजांग' हे संबोधन ऐकायला उपप्रमुखासारखे लागते.

इंग्रजीत मोजकीच पदे हाकेत चालतात: 'डॉक्टर', 'प्रोफेसर', 'कॅप्टन', 'जज', 'सेनेटर' आणि अशी आणखी काही. 'टीचर वांग', 'मॅनेजर ली', 'इंजिनियर जांग' हे चालत नाही. शिक्षकाला आणि व्यवस्थापकाला 'मिस्टर' किंवा 'मिस' आणि आडनाव. 'सर' हा किताब असेल तर तो पहिल्या नावाला लागतो: 1705 साली किताब मिळाल्यावर न्यूटन 'सर आयझॅक' झाले, 'सर न्यूटन' कधीच झाले नाहीत. चिनीत आडनाव आधी येत असल्याने ही चूक हमखास होते.

रॉजर ब्राउन आणि मार्गरीट फोर्ड यांनी 1961 साली अमेरिकी संबोधनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की आडनावावरून पहिल्या नावावर येण्याचा पुढाकार सहसा वयाने किंवा हुद्द्याने वरचा माणूस घेतो. म्हणजे इंग्रजीतही मोठेपणा पाळला जातोच, फक्त तो शब्दाऐवजी पुढाकारात दिसतो. विद्यार्थ्यासाठी यातून सोपा नियम निघतो: सुरुवात आडनावाने करावी आणि समोरच्याने 'मला नावाने हाक मारा' म्हटल्यावरच पहिल्या नावावर यावे.

चिनीत 'नी' आणि आदरार्थी 'नीन' असे दोन शब्द आहेत, मराठीत तू, तुम्ही, आपण असे तीन. इंग्रजीत लहान मुलापासून राष्ट्राध्यक्षापर्यंत सर्वांना एकच 'यू'. तो भार क्रियापदे उचलतात: 'कुड यू', 'वुड यू माइंड', 'आय वॉज वंडरिंग इफ'. वाक्य जितके लांबवावे तितका आदर वाढतो. म्हणून वरिष्ठाला पत्र लिहिताना चिनी विद्यार्थ्याने मानाचा शब्द शोधत बसण्यापेक्षा विनंतीचे क्रियापद नीट निवडावे. त्याच्या घरातला आदर इंग्रजी वाचकापर्यंत त्याच वाटेने पोहोचतो.